अक्षरांचे यंत्रांतर



आजच्या भाषणाचा विषय यंत्रविद्येचा आहे आणि तो सांगणारा मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर, शिक्षणाने केवळ मॅट्रिक. तेव्हा हा अधिकार तुम्हांस कोणी दिला, असे कोणी विचारले तर माझे उत्तर इतकेच की, एका चुकलेल्या शब्दाने दिला.

गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची आहे. आमच्या शाळेतील एक सहकारी शिक्षक निवर्तले. थंडीच्या दिवसांत मुलांना घेऊन डोंगर चढावयास जाणे हा त्यांचा आवडता परिपाठ होता. त्यांच्या प्रथम पुण्यतिथीस आठवणींची एक लहानशी पुस्तिका काढावयाचे ठरले आणि मजकूर संगणकावर टंकित करण्याचे काम मी पत्करले. मुलुंडच्या माझ्या घरी एका माजी विद्यार्थ्याचे वाक्य मी असे लिहिले होते : ‘गुरुजींचा हात धरून आम्ही सह्याद्रीच्या दऱ्यांत उतरलो.’ पडद्यावर ते अगदी शुद्ध दिसत होते. पुढे ते लिखाण छापखान्याकडे गेले. तेथील संगणक निराळ्या पद्धतीचा होता. त्याच्या पडद्यावर ‘दऱ्या’ या शब्दाचे तुकडे झाले. र एकीकडे पाय मोडून उभा राहिला आणि य त्याच्यापासून फटकून दुसरीकडे. तेथे काम करणाऱ्या मुलाने आमच्यावर उपकार करावा म्हणून जे जुळेना ते पुसले आणि जे जुळते ते लिहिले. पुस्तिकेत छापून आले : ‘सह्याद्रीच्या दर्यांत उतरलो.’

समारंभ आटोपल्यावर त्या शिक्षकांच्या पत्नी मजजवळ आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, हे समुद्रात कधी हो उतरले? त्यांना तर पोहताही येत नव्हते.” त्या हसल्या, मीही हसलो, परंतु त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात मुलांचे शुद्धलेखन तपासले, त्याच्याच आठवणींच्या पुस्तिकेत दरीचा समुद्र व्हावा, ही गोष्ट मनाला लागली.

दोष कोणाचा? प्रथम मी त्या मुलास दोष दिला, मग छापखान्यास, मग स्वतःच्या बोटांना. पुढे एका माजी विद्यार्थ्याने मला सारा प्रकार उलगडून दाखविला, तेव्हा कळले की माझे लिखाण जसेच्या तसे पोहोचले होते. चुकले होते ते केवळ त्याचे चित्र. हे चित्र कसे तयार होते, एका यंत्रावर बरोबर उमटलेले अक्षर दुसऱ्या यंत्रावर का मोडते, आणि ते कोठेही मोडू नये म्हणून गेल्या पंचवीस वर्षांत काय उद्योग झाला, हे आज आपल्यास सांगावयाचे आहे.

संगणक अक्षर साठवीत नाही, आकडे साठवितो, ही पहिली गोष्ट लक्षात घ्यावी. जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक चिन्हास एक ठरीव क्रमांक देणारी युनिकोड नावाची योजना १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीसाठी १२८ जागा एका ओळीने राखून ठेवल्या आहेत. त्या जागांचा क्रम आपल्याच देशात तयार झालेल्या इस्की नावाच्या प्रमाणावरून घेतलेला आहे. या योजनेत द म्हणजे २३४२, र म्हणजे २३५२, पाय मोडण्याचे चिन्ह म्हणजे २३८१, य म्हणजे २३५१ आणि काना म्हणजे २३६६. तेव्हा समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ संगणकाच्या पोटात २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६ असा असतो. आता दरीचे अनेकवचन पाहा. ‘दऱ्या’ मध्ये साध्या र ऐवजी त्याचा शेजारी ऱ बसतो आणि त्याचा क्रमांक २३५३. बाकी चार आकडे तेच. डोंगर आणि समुद्र यांत अंतर ते केवळ एका आकड्याचे! आचार्य आणि आचारी यांचेही तसेच आहे. ‘आचार्यांनी आशीर्वाद दिला’ आणि ‘आचाऱ्यांनी जिलबी तळली’ ही दोन वाक्ये मराठी माणूस सहज निराळी करतो. यंत्रास मात्र २३५२ व २३५३ यांवरच विसंबून राहावे लागते. हा अर्धा र हिंदीच्या नित्य व्यवहारात नाही; मराठीस त्यावाचून चालत नाही.

आकडे मिळाले म्हणजे अक्षर झाले असे नाही. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. आपण तो उच्चाराच्या क्रमाने टंकित करतो : न, पहिली वेलांटी, र, त्याचा मोडलेला पाय, म, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी. आकडेही त्याच क्रमाने साठविले जातात. परंतु चित्र काढताना पहिली वेलांटी न च्या आधी यावयास हवी. दुसऱ्या अक्षरात तर म च्या मागची वेलांटी उडी मारून पुढे आणि म च्या आधीचा र उडी मारून डोक्यावर रफार होऊन बसावयास हवा. म्हणजे उच्चाराचा क्रम एक आणि दिसण्याचा क्रम दुसरा. इंग्रजी लिहिताना यंत्राला ही यातायात करावी लागत नाही. आकड्यामागून आकडा घ्यावा आणि चित्रामागून चित्र ठेवावे, की काम झाले. देवनागरीस मधे एक जाणता कारागीर लागतो.

हा कारागीर आपल्यास नवा नाही. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून सुबक मराठी छपाई म्हणजे काय हे महाराष्ट्राने पाहिले आहे. अशा छापखान्यात खिळ्यांच्या पेट्या असत आणि त्यांपुढे जुळारी उभा असे. हस्तलिखित वाचावयाचे, ‘र्मि’ दिसले की कोणत्या खणातला कोणता खिळा उचलावयाचा हे क्षणात ओळखावयाचे आणि तो योग्य जागी बसवावयाचा, हे त्याचे कौशल्य. संगणकातही असेच तीन भाग आहेत. फाँट ही खिळ्यांची पेटी. आकडे वाचून कोणता खिळा कोठे बसवावा हे ठरविणारा कार्यक्रम हा जुळारी. आणि बसविलेल्या आकृतीच्या वक्र रेषा मोजून, त्यांच्या आतले बारीक बारीक ठिपके भरून, पडद्यावर प्रत्यक्ष चित्र उमटविणारा भाग म्हणजे शाई लावून दाब देणारा कामगार. माझ्या पुस्तिकेच्या वेळी छापखान्यातील संगणकाच्या जुळाऱ्यास मराठीचा अर्धा र जुळविता आला नाही, एवढाच त्या साऱ्या प्रकाराचा अर्थ.

आता प्रश्न असा की, माझ्या घरच्या जुळाऱ्यास जे येत होते ते तेथील जुळाऱ्यास का येऊ नये? याचे कारण ऑपरेटिंग सिस्टिम या वस्तूत आहे. संगणक सुरू झाल्याबरोबर जी त्याचा कारभार हाती घेते, कोणत्या कार्यक्रमास किती जागा द्यावयाची, पडदा कोणी वापरावयाचा, फाइल कोठून आणावयाची हे ठरविते, ती ही कारभारीण. विंडोज ही एक, ॲपलच्या संगणकांवरील मॅक ही दुसरी, लिनक्स ही तिसरी, आणि आपल्या खिशातील फोनांवर असते ती ॲन्ड्रॉइड ही चौथी. प्रत्येकीच्या घरची रीत निराळी. जागा मागावयाची तर एकीकडे एका शब्दाने मागावी लागते, दुसरीकडे दुसऱ्या. खिळ्यांच्या पेट्या एकीच्या घरी माळ्यावर, तर दुसरीच्या घरी तळघरात. आणि पूर्वी जुळारीही प्रत्येकीने आपापला ठेवलेला असे. विंडोजचा निराळा, मॅकचा निराळा. लिनक्सवर तर एकाच घरात दोन-तीन जुळारी नांदत होते, आणि एकाने शिकलेला धडा दुसऱ्यास कोणी सांगत नव्हते.

युनिकोड रूढ होण्यापूर्वीची स्थिती याहून बिकट होती. त्या वेळच्या बहुतेक मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवीत. तो विशिष्ट फाँट संगणकावर असेल तर मराठी दिसे. नसेल तर त्याच पानावर रोमन अक्षरांची अर्थहीन रांग उमटे. प्रत्येक विक्रेत्याची मांडणीही स्वतंत्र. उपनगरांतील कित्येक घरांत लग्नपत्रिका, गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ते, कोणाच्या वडिलांचे आत्मचरित्र अशा गोष्टी त्या काळच्या तबकड्यांवर पडून आहेत आणि आज त्या उघडून वाचता येत नाहीत. कागदावरची पोथी दोनशे वर्षे टिकते आणि यंत्रातले लिखाण वीस वर्षांत मुके होते, हा प्रकार मोठा खेदाचा आहे.

हे दुःख दूर करण्याच्या खटपटीत आपल्या उपनगराचाही वाटा आहे आणि तो फारसा कोणास ठाऊक नाही. जुहू येथे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या नावाची सरकारी साहाय्यावर चालणारी एक संशोधनसंस्था होती. पुढे ती सी-डॅक या संस्थेत विलीन झाली. तिच्यात रघुनाथ कृष्ण जोशी हे थोर अक्षरशिल्पी काम करीत. कवी, सुलेखनकार, जे. जे. मधील व पुढे पवईच्या आय. आय. टी. मधील अध्यापक असा त्यांचा लौकिक होता. विंडोजबरोबर येणारा मंगल हा देवनागरी फाँट त्यांच्याच हातचा. आपल्यापैकी ज्यांनी कार्यालयात मराठी पत्र टंकित केले असेल, त्यांनी जोशींचे अक्षर नकळत वापरलेले आहे. त्यांच्याच नावाची आठवण देणारा रघु हा फाँट त्या संस्थेने सर्वांस मुक्तपणे वापरता येईल अशा परवान्याने प्रसिद्ध केला. जोशी २००८ साली निवर्तले.

याच जुहूच्या संस्थेत विसाव्या शतकाची अखेर व चालू शतकाचा आरंभ या संधिकाळात इंडिक्स नावाचा एक प्रकल्प झाला. लिनक्सवर पडद्यावरील चौकटी उभारण्याचे काम एक्स विंडो नावाची व्यवस्था करी. इंडिक्सच्या कर्त्यांनी असा विचार केला की, जुळारी अगदी तळाशी, त्या चौकटींच्या व्यवस्थेतच बसवावा. म्हणजे वरच्या मजल्यावरील कार्यक्रमांस काही कळण्याचेही कारण नाही, ते आपोआप मराठी, तमिळ, बंगाली बोलू लागतील. कल्पना उमदी होती. परंतु त्याच सुमारास जगातील प्रवाह उलट दिशेने वळला. अक्षरे काढण्याचे काम तळघरातून निघून वरच्या मजल्यावर, स्वतंत्र लायब्रऱ्यांकडे गेले, आणि इंडिक्सचा मार्ग मागे पडला. तरीही देवनागरीचे ज्ञान प्रत्येक कार्यक्रमात निरनिराळे न ठेवता सर्वांच्या खालच्या एका सामायिक जागी ठेवावे, ही त्यांची दृष्टी अगदी बरोबर होती, असे मागे वळून पाहता म्हणावे लागते.

लायब्ररी हा शब्द येथे पुस्तकालय या अर्थी घ्यावयाचा नाही. संगणकाच्या व्यवहारात एखादे काम करण्याच्या तयार रीतींचा जो संच असतो, आणि जो दुसरे कार्यक्रम आपल्या उपयोगासाठी हाक मारून बोलावतात, त्यास लायब्ररी म्हणतात. एका यंत्रासाठी तयार झालेली अशी लायब्ररी दुसऱ्या कारभारणीच्या घरी नेऊन नांदती करणे यास त्या धंद्यात पोर्टिंग म्हणतात. भाषेचे भाषांतर, स्थळाचे स्थलांतर, तसे यास आपण यंत्रांतर म्हणू.

यंत्रांतर म्हणजे सारे नव्याने लिहिणे नव्हे. गिरगावातील एका कुशल जुळाऱ्यास पुण्याच्या छापखान्याने बोलावले, अशी कल्पना करा. त्याची विद्या त्याच्या डोक्यात आहे. ती पुण्यास जाऊन बदलावयाची नाही. बदलतात त्या आजूबाजूच्या गोष्टी : पेट्या कोठे ठेवल्या आहेत, दिवा कोठे आहे, कागद कोणाकडे मागावयाचा. शहाणा मालक या स्थानिक गोष्टींची एक चिठ्ठी त्याच्या हाती देतो. चांगल्या लायब्ररीची रचनाही अशीच असते. मोठा भाग विद्येचा. तो सर्व यंत्रांवर अक्षरशः एकच. लहानसा भाग चिठ्ठीचा; तो घरोघर निराळा. यंत्रांतर करणाऱ्याचे कौशल्य असे की, ही चिठ्ठी होईल तितकी लहान ठेवावयाची आणि तिच्यातील एकही ओळ विद्येच्या वहीत मिसळू द्यावयाची नाही.

याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे फ्रीटाइप ही लायब्ररी. मी ज्यास शाई लावणारा कामगार म्हटले ते काम ती करते. तिचा आरंभ १९९६ साली झाला. ती सी या भाषेत लिहिलेली आहे, आणि सी भाषेतील लिखाण निरनिराळ्या यंत्रांच्या मूळ भाषेत उतरवून देणारे कार्यक्रम जवळजवळ प्रत्येक यंत्रावर मिळतात. जागा मागणे व फाइल वाचणे ही जी कारभारणीशी बोलण्याची कामे, ती तिच्या कर्त्यांनी एका छोट्या स्वतंत्र प्रकरणात बांधून ठेवली. नव्या यंत्रावर न्यावयाचे असेल तर तेवढे प्रकरण बदलावे. वक्र रेषा मोजण्याच्या गणितास हात लावण्याचे कारण नाही. चित्रकलेची कैरो नावाची लायब्ररीही याच वळणाची. रेघ ओढ, वर्तुळ काढ, रंग भर या तिच्या आज्ञा एकच; त्यांचा परिणाम मात्र लिनक्सच्या चौकटीवर, विंडोजच्या चौकटीवर, मॅकच्या चौकटीवर किंवा छापावयाच्या पीडीएफवर, पाहिजे तेथे उमटविता येतो.

या कामात खोड्या कशा निघतात याचा एक मासला देतो. आपण ‘एकवीस’ म्हणतो, म्हणजे एक आधी, वीस मागून. इंग्रज ‘ट्वेंटी वन’ म्हणतो; त्याचे वीस आधी, एक मागून. यंत्रांच्याही अशाच दोन जाती आहेत. मोठा आकडा दोन भागांत ठेवावयाचा झाला, तर इंटेलची यंत्रे धाकटा भाग आधी ठेवतात. ॲपलची पूर्वीची पॉवरपीसी यंत्रे थोरला आधी ठेवीत. फाँटच्या फाइलींचा दंडक असा की, थोरला भाग नेहमी आधी. यंत्रांतर करणारा हे विसरला तर फाइलीतील १ हा आकडा इंटेलच्या यंत्रावर २५६ म्हणून वाचला जातो आणि जुळाऱ्याचा हात भलत्याच खणात जातो. एका जातीच्या यंत्रावर बिनचूक चालणारा कार्यक्रम दुसऱ्या जातीवर गेल्याबरोबर वेडावाकडा वागू लागतो, तो बहुधा अशाच एखाद्या न बोललेल्या गृहीतामुळे.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे जुळाऱ्याकडे वळू. फ्रीटाइपच्या पहिल्या आवृत्तीत गुंतागुंतीच्या लिप्या जुळविण्यासाठी काही लिखाण होते. ते उचलून पँगो व क्यूटी या लिनक्सवरील दोन प्रमुख लायब्रऱ्यांनी आपापल्या घरी वाढविले. दोघींच्या दुरुस्त्या निराळ्या, दोघींच्या चुका निराळ्या. पुढे ही फाटाफूट व्यर्थ आहे असे ओळखून दोन्ही शाखा एकत्र आणण्यात आल्या आणि त्या सामायिक कामास हार्फबझ असे नाव मिळाले. हे नाव फारसी आहे. आपल्या कानास ओळखीचा हर्फ, म्हणजे अक्षर, आणि बाझ, म्हणजे उघडे. मूळ इराणचे बेहदाद इस्फहबोद यांनी नंतर ही लायब्ररी पायापासून नव्याने लिहून काढली, आणि २०१५ साली तिची पहिली परिपूर्ण गणलेली आवृत्ती निघाली. मराठीतील अर्धा र नीट जुळावा यासाठी एका इराणी गृहस्थाने रात्री जागविल्या असतील, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हार्फबझच्या रचनेत चिठ्ठीची युक्ती पूर्णत्वास गेली आहे. तो जुळारी स्वतः पडद्यास स्पर्श करीत नाही. अमुक क्रमांकाचे अक्षर पेटीत कितव्या खणात आहे, त्याची रुंदी किती, असे मोजके प्रश्न तो यजमानास विचारतो. उत्तर लिनक्सवर फ्रीटाइप देईल, मॅकवर तेथील व्यवस्था देईल. उत्तर कोणी दिले याच्याशी त्यास कर्तव्य नाही. उत्तर मिळाले की वेलांटी पुढे घेणे, रफार डोक्यावर चढविणे, २३५३ व पाय मोडण्याचे चिन्ह एकत्र आले की अर्धा र काढणे, हे तो सर्वत्र एकाच रीतीने करतो.

ही रीत बरोबर आहे हे ठरवावयाचे कसे? आम्ही मास्तर लोक ज्यास परीक्षा म्हणतो तीच येथे झाली. निरनिराळ्या भाषांच्या विकिपीडियातील मजकुरावरून शब्दांच्या प्रचंड याद्या काढण्यात आल्या. प्रत्येक शब्द विंडोजच्या जुळाऱ्याकडून आणि हार्फबझकडून जुळवून घेऊन दोघांची उत्तरे ताडून पाहण्यात आली. देवनागरीचे असे सुमारे सात लाख शब्द तपासले गेले, आणि न जुळणारे शब्द शंभराच्या आत आले. सात लाखांच्या पेपरात शंभरापेक्षा कमी चुका! माझ्या वर्गात असा विद्यार्थी मला कधी मिळाला नाही.

आज फायरफॉक्स आणि क्रोम हे दोन्ही ब्राउझर हीच लायब्ररी वापरतात. ॲन्ड्रॉइडच्या फोनांतही तीच आहे. पत्रे व पुस्तके लिहिण्याच्या लिब्रेऑफिस या कार्यक्रमाची हकिकत तर आपल्या विषयाचे सारच होय. २०१७ पूर्वी तो विंडोजवर विंडोजच्या जुळाऱ्यास, मॅकवर मॅकच्या जुळाऱ्यास आणि लिनक्सवर तिसऱ्यास बोलावी. परिणामी एकच पान तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी दिसे. त्या वर्षी निघालेल्या ५.३ या आवृत्तीत तिन्ही ठिकाणी हार्फबझ बसविण्यात आले. विंडोज व मॅक यांनी आपले जुळारी अद्याप काढून टाकलेले नाहीत, आणि शाई कोठे थोडी गडद, कोठे फिकी पडावयाची. पण अक्षराची घडण आता सहसा मोडत नाही.

हे सर्व शक्य झाले ते या लायब्रऱ्या मुक्त आहेत म्हणून. त्यांचे लिखाण कोणासही वाचावयास मिळते, बदलावयास मिळते आणि पुढे द्यावयास मिळते. जावजींच्या काळी सुबक मराठी छपाईची गुरुकिल्ली त्यांच्या कारखान्यातील साच्यांत होती, आणि ते साचे ही कारखान्याची खाजगी मालमत्ता होती. आज तसे साचे सर्वांच्या मालकीचे आहेत. मुंबईतील एक टाइप या संस्थेने मुक्त हा देवनागरी फाँट अशाच परवान्याने सर्वांस खुला केला आहे. मालकाने दुकान बंद केले की भाषा मुकी झाली, हा धोका यामुळे टळतो. परंतु मुक्त याचा अर्थ कोणाचीच जबाबदारी नाही असा होता कामा नये. यंत्रे दर चार-दोन वर्षांनी बदलतात, कारभारणी आपल्या रीती बदलतात, आणि प्रत्येक वेळी ती लहानशी चिठ्ठी कोणीतरी पुन्हा लिहावी लागते. मराठी जाणणारा माणूस त्या ठिकाणी नसेल तर मराठीची खोड कोण दाखविणार? ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळावयास २००८ साल उजाडावे लागले, हे विसरू नये.

शेवटी गृहस्थाश्रमी माणसास करता येतील अशा तीन गोष्टी सांगतो. पहिली : मराठी लिहावयाचे ते युनिकोडमध्येच लिहावे, आणि जुन्या फाँटांतील आपल्या वडीलधाऱ्यांचे लिखाण, तो फाँट जवळ आहे तोवर, युनिकोडमध्ये उतरवून घ्यावे. दुसरी : लिहिण्याच्या कार्यक्रमात भाषा मराठी आहे असे नोंदवून ठेवावे. आपला ल आणि आपला श हिंदीहून निराळ्या वळणाचे आहेत. ज्या फाँटात दोन्ही वळणे असतात, त्यातून कोणते काढावे हे जुळाऱ्यास या नोंदीवरूनच समजते. तिसरी : कोणताही नवा संगणक किंवा फोन घेतला की त्यावर ‘दऱ्या’, ‘दर्या’, ‘निर्मिती’ आणि ‘ॲ’ एवढे लिहून पाहावे. काही मोडले तर दुसरा शब्द योजून वेळ मारून नेऊ नये. ज्या कार्यक्रमात ते मोडले त्याच्या कर्त्यांस कळवावे. मुक्त लायब्ररीच्या बाबतीत अशी तक्रार वाचली जाते, आणि ती एका ठिकाणी दुरुस्त झाली की ती लायब्ररी वापरणाऱ्या सर्व यंत्रांवर क्रमाक्रमाने दुरुस्त होते. मुंबईच्या उपनगरातील एका घरातून गेलेली तक्रार अमेरिकेतील मराठी कुटुंबाच्या फोनवरचे अक्षर सुधारू शकते.

आमच्या त्या पुस्तिकेची मूळ फाइल मी जपून ठेवली होती. मध्यंतरी ती माझ्या संगणकावर, नातवाच्या लिनक्सच्या यंत्रावर आणि माझ्या फोनवर अशी तिन्ही ठिकाणी उघडून पाहिली. तिच्यातील एकही आकडा मी बदललेला नव्हता. तिन्ही पडद्यांवर मुले सह्याद्रीच्या दऱ्यांतच उतरत होती. तीच प्रत नव्याने छापून मी बाईंच्या घरी नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ते पान काढले, ती ओळ वाचली आणि पुस्तिका देवघराशेजारच्या फळीवर ठेवली.